साठ गोणी कपड्यांचं काय करायचं?

बडोद्याच्या दांडियाबाजारातल्या एका गणेश मंडळाच्या ताईंचा प्रश्न आहे. सुदानमधल्या लढाईमुळे शेजारच्या चाडमध्ये पळून गेलेल्या लोकांची दृश्यं टीव्हीवर पाहून मंडळाने यंदा देखाव्याचा खर्च कमी केला आणि वस्तीत मदतीचं आवाहन केलं. साठ गोणी कपडे, तीन खोकी औषधं आणि तान्ह्या बाळांसाठी दूध पावडरचे डबे जमले. हे पाठवायचं कुठे? आणि अशा वेळी तिथे मदत चालते तरी कशी?

ताई, आधी माझीच फजिती सांगतो. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर जेमतेम आठवड्याने मी बडोद्याहून कपड्यांचा ट्रक घेऊन कच्छला गेलो होतो. उत्साह अगदी तुमच्यासारखा. भचाऊच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही कडांना कपड्यांचे ढीग पडलेले, आमच्या आधी येऊन गेलेल्या ट्रकांनी टाकलेले. त्यावर गाई बसल्या होत्या. तरी आम्ही एका गावात शिरून गाठोडी सोडली, तर पहिल्यातूनच शाळेच्या गॅदरिंगचे मावळ्यांचे पोशाख निघाले, पगड्यांसकट. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यातला एक अंगरखा उलटसुलट करून पाहिला, नीट घडी घातली आणि माझ्या हातात परत दिला. बोलले काही नाहीत. त्यांना हवी होती ताडपत्री आणि पाणी साठवायला भांडं. आमच्या ट्रकमध्ये दोन्ही नव्हतं. पाणीपुरवठ्याचा इंजिनियर असून मला हे सुचलं नव्हतं, ही त्यातली खरी लाज.

त्यानंतर मी नोकरी सोडली आणि एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेत पाणी आणि संडास हे काम धरलं. युगांडात दक्षिण सुदानचे निर्वासित, बांगलादेशात रोहिंग्या, अशा ठिकाणी निवृत्त होईपर्यंत तेच केलं. म्हणून उत्तर सरळ देतो. कपडे पाठवू नका. औषधं तर नाहीच. दूध पावडर मुळीच नाही. पैसे पाठवा, आणि ते कुणाला द्यायचे याची चौकशी कशी करायची ते पुढे सांगतो.

कपड्यांचं कारण तुमच्या खजिनदाराला लगेच पटेल. साठ गोणी बडोद्याहून बंदरापर्यंत, तिथून जहाजाने, मग कस्टम, मग आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून पार आतपर्यंत ट्रकने. त्या भाड्यात तिथल्याच बाजारातून नवेकोरे कपडे येतील आणि त्या दुकानदाराचंही पोट चालेल. शिवाय पोहोचल्यावर ते निवडायला माणसं आणि ठेवायला गोदाम लागतं, आणि पहिल्या महिन्यात गोदामातली कोरडी जागा सोन्याच्या भावाची असते. आपल्या गाठोड्यात काय निघणार? साड्या, जीन्स, लग्नातले ब्लाउज. रोहिंग्या बायका कमरेला थामी गुंडाळतात, पुरुष लुंगी. साडीचा उपयोग म्हणाल तर मी ती एकदाच झालेली पाहिली, झोपडीला आडोसा म्हणून.

औषधांबद्दल नियम असा की पोहोचताना त्यांची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी आणि नाव तिथल्या डॉक्टरला वाचता यायला हवं. घरातून उरलेल्या अर्ध्या पट्ट्या यात कुठेच बसत नाहीत. तिथे त्या वेगळ्या काढून, जाळून नष्ट कराव्या लागतात, आणि तेही खर्चाचं काम.

दूध पावडरवर मात्र थोडं थांबतो, कारण हे डबे सगळ्यात प्रेमाने दिलेले असतात. डब्याबरोबर बाटली लागते. बाटली उकळायला पाणी आणि सरपण लागतं. दोन्ही नसतात, म्हणून गढूळ पाण्यातच पावडर कालवली जाते. त्यात वाटप सुरू आहे म्हटल्यावर अंगावर पाजणारी आईही डबा घेते, पाजणं कमी होतं आणि दूध आटतं. महिन्याभरात डबा संपतो, मदत दुसरीकडे वळते आणि मूल ना इकडचं ना तिकडचं. ज्या बाळाला आईच नाही त्याच्यासाठी पावडर लागते, नाही असं नाही, पण ती दवाखान्यातून, एकेका बाळाची नोंद ठेवून, पाण्याची सोय पाहून दिली जाते. सरसकट वाटपाला या क्षेत्रातली जाणती माणसं हात जोडतात.

आता दुसरा प्रश्न, तिथे काय चालतं.

पहिले काही दिवस कुठलीच संस्था नसते. असतात ते शेजारी. सीमेपलीकडून माणसं येतात तेव्हा पहिला भात, पहिली पडवी, पहिला नळ गावकऱ्यांचा असतो. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं भारतात आली. त्रिपुराची लोकसंख्या तेव्हा पंधरा-साडेपंधरा लाख, आणि आलेले निर्वासित जवळजवळ तेवढेच. शाळा भरल्या, गोठे भरले, लोकांनी स्वयंपाकघरं वाटून घेतली. आपणही लांब बसून थोडा भार उचललाच होता. तुमच्या आजींनी जुनी पत्रं जपून ठेवली असतील तर १९७१ च्या अखेरच्या पाकिटांवर पाच पैशांचं एक जादा तिकीट सापडेल. निर्वासितांसाठी ते पत्रांना लावावं लागे.

त्यानंतर येतो हिशोब. लोकांना वाटतं मदतकार्य म्हणजे धान्याची पोती आणि हेलिकॉप्टर. माझ्यासाठी ते म्हणजे एक वही आणि रांगेत मांडलेल्या कळशा. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, हा जगभर मान्य असलेला आकडा. पिणं, स्वयंपाक, हातपाय धुणं, सगळं त्यात. दहा हजार माणसं एका रात्रीत आली तर दीड लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज पंधरा खेपा, आणि रस्ता चिखलाचा. मग नळ किती? २५० माणसांमागे एक. हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. साधा नळ मिनिटाला साडेसात लिटर देतो. दिवसाचे आठ तास तो सलग उघडा राहिला तर ३६०० लिटर होतात. २५० ने भागा, माणशी चौदा-साडेचौदा येतात. म्हणजे हा हिशोबसुद्धा नळ क्षणभरही बंद झाला नाही, कुणी भांडलं नाही, कुणाची कळशी निसटली नाही असं धरून. म्हणून नव्या छावणीत गेलो की मी अहवाल मागत नसे, पहाटे नळावर जाऊन उभा राहत असे. कळशा रात्रीपासूनच नंबरात लावून ठेवल्या असतील, तर नळ कमी आहेत. मग अहवालात काहीही असो.

पाणी नुसतं पोहोचून चालत नाही. युगांडातली बिडी बिडी ही निर्वासितांची वसाहत २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली आणि वर्ष संपेपर्यंत तिथे अडीच लाखांच्या वर माणसं आली. सुरुवातीला नाईल नदीचं पाणी उपसून, तुरटीने निवळून, क्लोरीन घालून टँकरने न्यायचो. नळाशी क्लोरीन लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम राहायला हवं. ते बघायला तळहातावर मावेल अशी प्लास्टिकची डबी असते. त्यात नळाचं पाणी घ्यायचं, एक गोळी टाकायची, हलवायचं आणि उजेडासमोर धरायचं. कोकम सरबतात पाणी जास्त झालं की जो रंग येतो तेवढा गुलाबी हवा. रंगच आला नाही तर टँकर परत. गडद आला तर लोक तोंड वाकडं करतात, ‘औषधाचं पाणी’ म्हणून ओढ्याकडे वळतात आणि आपली सगळी मेहनत तिथे वाहून जाते. त्या डबीमुळे माझी ड्रायव्हर मंडळींशी जेवढी भांडणं झाली तेवढी आयुष्यात बायकोशी झाली नसतील.

जागेचं सांगतो, म्हणजे अंदाज येईल. रस्ते, दवाखाना, शाळा, आग पसरू नये म्हणून मोकळ्या पट्ट्या, सगळं मिळून माणशी ४५ चौरस मीटर असावेत असं मानतात. दहा हजार माणसांना लागतात ४५ हेक्टर. म्हणजे आपली अख्खी कमाटीबाग, प्राणिसंग्रहालयासकट. आता २०१७ आठवा. २५ ऑगस्टनंतर काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या म्यानमारमधून बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या टेकड्यांवर आले. त्यांना सत्तर कमाटीबागा लागल्या असत्या. मिळाली त्याच्या कितीतरी कमी, आणि कित्येक भागांत माणशी १५ चौरस मीटरसुद्धा नव्हते. झाडं तोडून, भुसभुशीत टेकड्यांना पायऱ्या पाडून बांबू आणि ताडपत्रीच्या झोपड्या उभ्या राहिल्या. पुढे पावसाळ्यात दरडी कोसळल्या, २०२१ च्या मार्चमध्ये मोठी आग लागली, यात नवल ते काय. हत्तींची जुनी वाट तिथूनच जात होती, तेही रात्री आपल्या वाटेने आले आणि माणसं चिरडली गेली. हत्ती आला की हाकारे देणारी पथकं मग निर्वासितांमधूनच तयार केली. हे कुठल्या पुस्तकात आधी लिहिलेलं नव्हतं.

तिथेच मी दुसरी चूक केली, कच्छपेक्षा मोठी. सुरुवातीला ५० माणसांमागे एक आणि जमेल तसं २० माणसांमागे एक संडास, हा नियम. आम्ही झपाट्याने चोवीस संडासांची रांग उभी केली. बांबूचा सांगाडा, प्लास्टिकच्या भिंती, सिमेंटचं भांडं. आकडा वर कळवला, शाबासकी मिळाली. आठवड्याने पाहतो तर अर्धे कोरडे. पुरुष जात होते, बायका फिरकत नव्हत्या. आमच्यात चाटगावची एक मुलगी होती. तिची बोली रोहिंग्यांना कळायची. ती दोन दिवस झोपड्यांमध्ये बसली आणि येऊन म्हणाली, “दादा, सगळी दारं रस्त्याकडे उघडतात.” बायका दिवसभर पाणीच पीत नव्हत्या, म्हणजे अंधार पडेपर्यंत जावं लागू नये. जेवणही कमी करत होत्या. माझ्या वहीत माणशी १५ लिटर बरोबर भरत होते आणि निम्मी माणसं तहानलेली होती. दारांसमोर बांबूच्या तट्ट्यांची आडभिंत घातली, आतून कडी लावली, बायकांचे वेगळे काढले, कपडे धुवायला आडोशाचा ओटा केला. खर्च किरकोळ. आधी विचारलं असतं तर तोही पुन्हा लागला नसता.

आणि खड्डे भरतात, ताई. याबद्दल कुणी आवाहन करत नाही, कारण त्याचा फोटो निघत नाही. घाईने खणलेले उथळ खड्डे काही आठवड्यांत तुडुंब होतात. शेजारीच कुणीतरी घाईने मारलेली कूपनलिका असते, ३० मीटरचं अंतर पाळायला जागाच नसते. मैला काढायचा तर टाकायचा कुठे? २०१९ च्या सुरुवातीला दीड लाख माणसांचा मैला हाताळू शकेल असा प्रकल्प तिथे उभा राहिला, तेव्हा आम्ही लोकांनी अक्षरशः पेढे वाटले. बाहेरच्या कुणाला त्याचं महत्त्व समजावून सांगता आलं नाही.

हे सगळं बिघडलं तर काय होतं, ते १९९४ च्या जुलैत दिसलं. रवांडातून काही लाख माणसं चार-पाच दिवसांत तेव्हाच्या झाईरमधल्या, म्हणजे आजच्या काँगोतल्या, गोमा शहरात आली. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, ना संडासाचा खड्डा खणता येई ना थडग्याचा. कॉलरा आणि हगवणीने पहिल्या महिन्यात सुमारे ५० हजार माणसं मेली. मदतीचे नियम पुस्तकात बांधून घ्यावेत, हे संस्थांना त्यानंतर सुचलं. वर दिलेले माझे आकडे त्यातलेच.

उलट १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांच्यासमोर कॉलऱ्याचे रोगी जमिनीवर पडलेले आणि सलाइन संपत आलेलं. त्यांनी पिण्याच्या पाण्यात ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मिसळून पिंपातून द्यायला सुरुवात केली. पाजायला नर्स नव्हत्या, नातेवाइकांनीच पाजलं. शंभरात तीसच्या आसपास मरत होते ते चारच्या खाली आले. आज औषधाच्या दुकानात ओआरएसची पुडी सहज मिळते, तिच्यावर जगाचा विश्वास बसायला ही छावणी कारण झाली. हेही कमी खर्चाचं काम होतं. गोवराच्या लशीचंही तसंच. सहा महिने ते पंधरा वर्षांच्या सगळ्या मुलांना ती पहिल्या काही दिवसांतच द्यायची असते, जेवणाच्या रांगेत उभं असतानाच. गर्दी आणि कुपोषण एकत्र आलं की गोवर पोरं नेतो.

एक तक्रार तुमच्या मंडळातही कुणीतरी करेल, म्हणून आधीच सांगतो: “हे लोक फुकट मिळालेला शिधा बाजारात विकतात.” हो, विकतात. तांदूळ, डाळ, तेल महिनोन् महिने तेच मिळतं. ज्यांचं जेवण सुक्या मासळीशिवाय होत नाही ती माणसं थोडी डाळ विकून मासळी आणि मिरची आणतात. कोकणातल्या माणसाला वर्षभर नुसता वरणभात घाला, तोही सोड्यांसाठी, म्हणजे सुक्या कोळंबीसाठी, डाळ विकेल. काही जण सरपणासाठी विकत. कॉक्स बाजारला सरपण आणायला बायका-पोरं जंगलात जात, तिथे त्यांना धोका होता आणि जंगलही संपत चाललं होतं. २०१८ पासून गॅस सिलिंडर मिळू लागले तेव्हा दोन्ही बरंच कमी झालं. जिथे बाजार चालू असतो तिथे सरळ पैसे किंवा कार्ड देतात, ते यासाठीच. जॉर्डनमध्ये सीरियन निर्वासित छावणीतल्या दुकानात डोळ्यांच्या बुबुळांची ओळख पटवून आपल्या खात्यातून सामान घेऊ लागले. काय घ्यायचं ते बाईचं बाईने ठरवायचं.

यजमान गावाचं विसरू नका. सुरुवातीला भात वाढणारे तेच लोक सहा महिन्यांनी चिडलेले असतात, आणि त्यांचं चुकत नाही. मजुरीचे दर पडतात, भाजी महागते, विहिरीची पातळी खाली जाते, आणि मदतीचे ट्रक त्यांच्या दारावरून पुढे निघून जातात. युगांडाने यात शहाणपणा दाखवला. निर्वासितांना जमिनीचा तुकडा आणि काम करण्याची मुभा दिली, आणि येणाऱ्या मदतीतला साधारण ३० टक्के वाटा आसपासच्या स्थानिकांसाठी ठेवायला सांगितलं. बिडी बिडीत बोअर मारला की त्याच्या नळावर दोघांच्याही कळशा असत. भांडणं तिथेही होती, पण नळावरची, जशी आपल्या पोळेत, म्हणजे गल्लीत, होतात.

तुमच्या कमिटीतल्या एका काकांनी म्हणे विचारलं की ही माणसं आपल्या देशात परत का जात नाहीत. त्यांना वारसियाला घेऊन जा. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची ती वसाहत. तिथल्या एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना तोच प्रश्न विचारायला सांगा.

आता पैशांचं. संस्था निवडताना जाहिरात पाहू नका. फोन करून चार गोष्टी विचारा. तुम्ही त्या जागी आधीपासून काम करता का? स्थानिक माणसं किती आहेत तुमच्याकडे? या महिन्यात तिथे कशाची कमतरता आहे? आणि देणगी अमुकच गोष्टीला लावा अशी अट आम्ही घातली नाही तर चालेल ना? शेवटच्या प्रश्नावर जो खूश होईल तो कामाचा माणूस. ब्लँकेटसाठी पैसे ढिगाने येतात, मैला उपसणाऱ्या पंपाच्या डिझेलला कुणी देत नाही. परदेशात पैसे पाठवण्याचे आणि करसवलतीचे नियम मंडळाच्या सीएला विचारून घ्या. भारतात नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत दिलेले बरे, पावती मिळते आणि पुढच्या वर्षी जाब विचारता येतो.

हे अवघड वाटत असेल तर २०२४ चा ऑगस्ट आठवा, विश्वामित्री नदी घरात शिरली तेव्हाचा. माझी वहिनी अकोट्याला दुसऱ्या मजल्यावर तीन दिवस अडकली होती. त्या तीन दिवसांत तिच्या घरी अकरा फूड पॅकेटं आली, शेव, गाठिया, तिखट पुऱ्या. पाण्याच्या बाटल्या आल्या दोन. ती अजून हसत सांगते की गाठियाने एवढी तहान लागली की पुराच्या पाण्याकडे बघत बसले होते.

राहिल्या साठ गोणी. ज्यांनी दिल्या त्यांना वाईट वाटेल असं काही करू नका, त्यांनी मनापासून दिलंय. शनिवारी संध्याकाळी मी मंडळाच्या हॉलवर येतो, चार जण मिळून निवडायला बसू. धडके स्वेटर, चादरी, लहान मुलांचे कपडे वेगळे काढून थंडीच्या आत इथल्याच बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत देऊ, पण आधी जाऊन विचारून. जुन्या सुती साड्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांना विकत देऊ. उरलेलं बोहारणीला. जे पैसे येतील ते देणगीत घालू. दूध पावडरचे डबे दुकानदार परत घेतोय का ते आजच बघा, बिलं सापडली तर. औषधांची खोकी मात्र कुणाला उघडू देऊ नका, माझ्या ओळखीच्या फार्मासिस्टला बरोबर आणतो. आणि मावळ्यांचे पोशाख निघालेच, तर ते मंडळाकडेच ठेवा, देखाव्याला लागतील.